समिट वन वँडरबिल्टला जाताना: चपला, चष्मे आणि उन्हाची वेळ

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनला एप्रिलपासून पाहुण्यांची रीघ लागते. कोणाचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात, कोणाची आत्या, कोणाचा भाचा कंपनीच्या कामाला. पूर्वी यांच्या यादीत लिबर्टीचा पुतळा आणि एम्पायर स्टेट एवढंच असायचं. आता जेट लॅग उतरायच्या आत फोन पुढे करून विचारतात, "ती आरशांची खोली कुठेय गं?" मग काय घालायचं, कितीचं तिकीट काढायचं, सासूबाईंना न्यायचं की नाही, हे सगळं मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. आता एकदाच लिहून ठेवते. मी जे. जे.त शिकले आणि नंतर दादरला शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे मधूनमधून वर्गात उभी असल्यासारखी बोलेन. तेवढं चालवून घ्या.

जागेचं नाव समिट वन वँडरबिल्ट. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनला अगदी खेटून, ४२व्या रस्त्यावर वन वँडरबिल्ट नावाची इमारत आहे. कोन पेडरसन फॉक्स या वास्तुरचनाकारांची. २०२० साली ती उघडली आणि टोकाच्या सुळक्यासकट १,४०१ फूट उंच आहे. तिच्या अगदी वरच्या मजल्यांवर, ९१ ते ९३, ऑक्टोबर २०२१मध्ये हे समिट, म्हणजे वरून शहर बघायची आरशांची जागा, सुरू झालं. आतली रचना स्नोहेटा या नॉर्वेच्या कंपनीची आणि आरशांचं काम केन्झो डिजिटल नावाच्या कलाकाराचं. त्यानं त्याला 'एअर' असं नाव दिलंय.

उंचीच हवी असेल तर न्यूयॉर्कमध्ये गच्च्यांना तोटा नाही. एम्पायर स्टेट आहे, रॉकफेलर सेंटरची टॉप ऑफ द रॉक आहे, हडसन यार्ड्सची एज आहे, खाली टोकाला वन वर्ल्ड ऑब्झर्वेटरी आहे. समिटला पैसे उजेडाचे पडतात. खोलीची जमीन आरसा, छत आरसा, खांब आरसा आणि उरलेलं सगळं काच. म्हणजे खोलीला स्वतःचा रंग असा नाहीच. बाहेर जे असेल ते ती उचलते. म्हणून माझं सगळं सांगणं उजेडापासून सुरू होतं आणि बाकीचं त्याच्या मागून येतं.

आधी वेळ, मग तारीख

तिकीट ठरावीक वेळेचं असतं आणि ते ऑनलाइनच काढा. दर माणशी ४० डॉलरच्या पुढे जातो, वेळेप्रमाणे बदलतो, आणि सूर्यास्ताच्या अलीकडची वेळ सगळ्यांत महाग असते. चौघांचं कुटुंब असेल तर हा फरक बराच होतो. तो द्यायचा की नाही हे महिन्यावर ठरवा.

उन्हाळ्याचं आधी सांगते, कारण आपले बहुतेक पाहुणे तेव्हाच येतात. जूनमध्ये भर दुपारी न्यूयॉर्कचा सूर्य क्षितिजापासून ७२-७३ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. ऊन इमारतीच्या माथ्यावर पडतं, खोलीत खिडकीपाशी जेमतेम एक पट्टा येतो. आत उजेड भरपूर असतो, पण तो सपाट असतो. सावली नाही, दिशा नाही. शाळेत मी मुलांना सांगायचे की दुपारी बाराला निसर्गचित्र काढायला बसू नका, तेच इथे लागू. जून-जुलैत दुपारची वेळ घेऊन पैसे वाचवायचे असतील तर खुशाल वाचवा, पण मग "फोटोत दिसतं तसं नव्हतं" म्हणू नका. त्या दिवसांत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. मी सूर्यास्ताच्या दीड तास आधीचं, म्हणजे सातचं तिकीट काढते. रांग, तपासणी, बुटांवरची पिशवी आणि लिफ्ट यांत अर्धा तास जातो. मग तिरप्या उन्हाचा एक तास मिळतो आणि त्यानंतरचा अर्धा तास फुकटचा बोनस. त्या अर्ध्या तासात आभाळ निळं असतं आणि खाली दिवे लागायला लागतात. आत गेल्यावर कोणी "चला, वेळ संपली" म्हणत नाही, त्यामुळे एकाच तिकिटात तुम्ही दिवस, संध्याकाळ आणि रात्र बघू शकता.

हिवाळ्याचं गणित उलटं आहे आणि ते फार कमी लोक लक्षात घेतात. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा इथला सूर्य २६ अंशांच्या वर चढत नाही. मुंबईत तेव्हा तो ४७-४८ अंशांवर असतो, म्हणून आपल्याला हे पटकन जाणवत नाही. २६ अंशांवरचं ऊन खिडकीतून थेट खोलीच्या पोटात शिरतं, जमिनीच्या आरशावर आपटतं, तिथून छतावर, छतावरून खांबावर. म्हणजे उन्हाळ्यात जो उजेड महागाच्या वेळेला मिळतो, त्याच्या जवळपास जाणारा उजेड डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी एक-दोनच्या तिकिटाला मिळतो. थंडीत पाहुणे आले असतील तर सूर्यास्ताच्या मागे लागू नका. आणि लागायचंच असेल तर लक्षात ठेवा, डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेचारच्या आतच बुडतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा त्या आठवड्यातलं तिकीट काढताना दोनदा बघा.

सूर्य कुठल्या खिडकीत मावळणार हेही आधी ठरवता येतं. मॅनहॅटनचे अव्हेन्यू, म्हणजे उभे रस्ते, खऱ्या उत्तरेकडे जात नाहीत, ते २९ अंश पूर्वेला कललेले आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीला आणि पुन्हा जुलैच्या मध्याला सूर्य आडव्या रस्त्यांच्या बरोबर टोकाला मावळतो. ४२व्या रस्त्यावर त्या संध्याकाळी लोक गाड्यांच्या मधे उभे राहून फोटो काढतात. म्हणजे उन्हाळाभर सूर्यास्त साधारण हडसन नदीपलीकडे, आमच्या न्यू जर्सीच्या अंगाला, पश्चिमेच्या काचेसमोर होतो. हिवाळ्यात तो सरकून एम्पायर स्टेटच्या उजव्या बाजूला येतो आणि त्या इमारतीची अख्खी कड पेटल्यासारखी दिसते. तेव्हा हिवाळ्यात दक्षिणेची काच धरा, उन्हाळ्यात पश्चिमेची.

ढग असले तर? निघायच्या दिवशी सकाळी जवळपास कुठे असाल तर मान वर करून इमारतीचा सुळका शोधा. सुळका ढगात गेला असेल तर वरून तुम्हाला पांढऱ्याशिवाय काही दिसणार नाही. आरशात पांढरं, वर पांढरं, खाली पांढरं. मला स्वतःला ते आवडतं, पण पुण्याहून वीस तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला एम्पायर स्टेट हवं असतं आणि त्यात त्याचं चुकत नाही. उंचावरचे विरळ ढग मात्र चांगलेच. कोऱ्या निळ्या आभाळापेक्षा थोडे कापूसढग असलेला दिवस इथे दसपट बरा, कारण मग जमिनीवरून ढग चालतात.

अंगात काय, पायात काय

हे सगळ्यांत जास्त विचारलं जातं आणि बायका दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्यानं सांगते. जमीन आरसा आहे. स्कर्ट, फ्रॉक, घेरदार ड्रेस यांच्या आतलं खालच्या आरशात दिसतं. समिटवाले स्वतःच पँट किंवा जाड स्टॉकिंग्ज घालायला सुचवतात. आपल्याकडे सलवार-कमीज किंवा लेगिंगवर कुर्ता, विषय संपला. साडीच नेसायची असेल तर परकराखाली लेगिंग घाला आणि साडी नेहमीपेक्षा दोन बोटं वर खोचा, कारण बुटांवर चढवलेल्या पिशव्यांत काठ अडकतो. माझ्या सासूबाई सातारच्या, नऊवारी नेसतात. त्यांना सगळ्यात कमी त्रास झाला. मागे कासोटा, पाय मोकळे. तिथल्या मुली थांबून थांबून त्यांचे फोटो मागत होत्या आणि त्या प्रत्येकीला पदर नीट करून देत होत्या.

बुटांवर घालायला पातळ कापडी पिशव्या तिथेच देतात. ऑपरेशन थिएटरबाहेर घालतात तशाच. सगळ्यांना सक्तीच्या, कारण खडा अडकलेला एक तळवाही आरशावर चरा उमटवू शकतो. टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत. कोल्हापुरी नको, अंगठ्याच्या चपलाही नकोत, पिशवी नीट बसत नाही आणि पाऊल आत सरकतं. सपाट, मागून बंद, रबरी तळाचे बूट सगळ्यांना. घरातल्या थोरांना हे आदल्या रात्रीच सांगा. सकाळी सांगितलं की रुसवा होतो.

रंगांचं जरा ऐका. खोलीला रंग नाही म्हटलं ना, म्हणजे तुमचा रंग दहा ठिकाणी दिसणार. एकच ठसठशीत रंग घाला: हळदी, लाल, मोरपंखी. बारीक छापील कापड, बांधणी, चौकडा हे सगळं आरशात चिरडून धूसर होतं. काळं घातलंत तर संध्याकाळी तुमची आकृती कापून काढल्यासारखी उठून दिसते, पण रात्री हरवून जाते. पाच जणांनी पाच गडद एकरंगी कपडे घातले तर छतातला फोटो बघण्यासारखा येतो.

चष्म्याबद्दल तर कोणीच बोलत नाही. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्याचा खालचा भाग जवळचं वाचायला असतो. त्यातून पायाखाली बघितलं की जमीन धूसर दिसते. साध्या फरशीवर चालून जातं, पण जिथे जमिनीतच हजार फूट खोल आभाळ दिसतंय तिथे मेंदू गोंधळतो आणि गरगरतं. ज्यांच्याकडे फक्त लांबचा चष्मा आहे त्यांनी तो आणावा. उन्हाच्या दिवशी आत गॉगल वाटतात, ते चष्म्यावर नीट बसत नाहीत, त्यामुळे चष्मेवाल्यांनी चष्म्यावर चढणारा स्वतःचा गॉगल आणलेला बरा. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांवर विसंबू नका. त्या अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि इमारतीच्या काचा ते किरण बऱ्यापैकी गाळून टाकतात. पोलराइज्ड गॉगल असेल तर दोन गमती होतील: फोन आडवा-उभा करताना एका बाजूला पडदा काळा पडेल, आणि मोठ्या काचांवर इंद्रधनुषी डाग दिसतील. घाबरू नका, काच तडकलेली नाही. काच कणखर करताना तिच्यात जो ताण राहतो तो त्या गॉगलमधून दिसतो.

जायचं कसं

आमच्यासारखे एडिसन, मेटुचेन, मेट्रोपार्ककडून येणारे न्यू जर्सी ट्रान्झिटनं पेन स्टेशनला उतरतात. तिथून भुयारी गाडीनं एक स्टेशन टाइम्स स्क्वेअर आणि तिथून शटल थेट ग्रँड सेंट्रल. पण हवा बरी असेल आणि गुडघे बरे असतील तर चालत जा. जेमतेम मैलभर आहे. ३४व्या रस्त्यानं एम्पायर स्टेटच्या पायथ्याशी या, मान दुखेपर्यंत वर बघा, मग फिफ्थ अव्हेन्यूनं वर, सार्वजनिक ग्रंथालयाच्या दगडी सिंहांपर्यंत, आणि उजवीकडे वळा. तासाभरानं तीच इमारत समोर, जवळपास डोळ्यांच्या पातळीत बघताना पायांनी मोजलेलं अंतर कामाला येतं. क्वीन्समधून, जॅक्सन हाइट्सहून येणाऱ्यांना तर सात नंबरची गाडी न बदलता ग्रँड सेंट्रलला सोडते.

ग्रंथालयामागच्या ब्रायंट पार्कचं स्वच्छतागृह शहरातल्या स्वच्छ जागांपैकी एक आहे. आई-बाबांना तिथे आधी नेऊन आणा. तिथेच खुर्च्यांवर बसून पोळी-भाजीचा डबाही संपवा, कारण तपासणीच्या रांगेत डबा हातात नको. विमानतळासारखी तपासणी होते. सुटकेस, मोठी सॅक, ट्रायपॉड घरी ठेवा.

प्रवेश ग्रँड सेंट्रलच्या बाजूनं आहे. दहा मिनिटं हाताशी असतील तर मुख्य दालनाच्या छताकडे बघायला विसरू नका. हे स्टेशन १९१३चं, आणि छतावरचं राशिचक्र उलटं, आरशात दिसावं तसं रंगवलेलं आहे. वर जे बघायला चाललोय त्याची ही बरी तयारी.

आत गेल्यावर

लिफ्टमध्ये दिवे आणि आवाज यांचा थोडा खेळ होतो, मग एक अंधारी वाट, आणि एकदम पहिली मोठी खोली, ट्रान्सेन्डन्स. इथे नव्वद टक्के लोक दारातच थबकतात आणि फोन काढतात. तुम्ही मागच्यांना वाट करून देत सरळ काचेपर्यंत जा. फोन खिशात. पाच मिनिटं नुसतं उभं राहा आणि आधी खिडकीबाहेरच्या क्षितिजाला नजर लावा. शरीराला आडवी रेषा सापडली की ते शांत होतं. मग हळूच खाली, मग वर.

आता वर्गातल्यासारखं तीन गोष्टी बघायला सांगते. पहिली: समोरासमोरचे आरसे बघा. प्रतिबिंबाचं प्रतिबिंब, त्याचं पुन्हा प्रतिबिंब असं खोल जाताना चित्र अंधारत जातं आणि हिरवट होतं, कारण साधा आरसा हिरवा उजेड इतर रंगांपेक्षा किंचित जास्त परत पाठवतो. एका आरशात ते कळत नाही, दहाव्या प्रतिबिंबात कळतं. दुसरी: उन्हाचा एक तिरपा पट्टा निवडा आणि तो कुठून कुठे उड्या मारतो ते शोधा. लहान मुलांना हे काम दिलं की ती वीस मिनिटं गुंततात. तिसरी: माणसं बघा. लांबचा माणूस खरा की आरशातला हे ओळखायचा प्रयत्न करा. पुढे वरच्या मजल्यावरून हीच खोली खाली दिसते. तिथून बघताना सगळी गर्दी आभाळावर चालत असते, आणि आपण मघाशी किती हास्यास्पद हातवारे करत होतो तेही कळतं. वाट साधारण एकाच दिशेनं पुढे सरकते, म्हणून खोली सोडण्याआधी पोटभर बघून घ्या.

एका दालनात जमिनीवर चकचकीत पोलादाचे वेडेवाकडे थेंब पसरलेले दिसतील. बरेच जण त्याला सजावट समजून शेजारून निघून जातात. ते यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीचं काम आहे, नाव 'क्लाउड्स'. बाई १९२९ सालच्या. १९५८मध्ये न्यूयॉर्कला आल्या आणि पंधरा वर्षं इथे राहिल्या. खोलीच्या भिंतींना आरसे लावून माणसाला अनंतात उभं करायचं, ही कल्पना त्यांनी याच शहरात १९६५मध्ये एका गॅलरीत करून दाखवली होती. म्हणजे बाकीच्या दालनांत तुम्ही जे बघताय त्याची आजी या दालनात बसलेली आहे. तिला दोन मिनिटं द्या. थेंबाजवळ उकिडवं बसा आणि त्याच्या फुगीर अंगात अख्खं मिडटाउन वाकून कसं आलंय ते बघा. हात मात्र लावू नका.

पुढची फुग्यांची खोली, अफिनिटी, पोरांची. चांदीसारखे चमकणारे मोठे गोल फुगे हवेत तरंगतात, ढकलले की जातात, खालून वारा आला की उठतात. इथे आजोबासुद्धा पोरं होतात. १९६६मध्ये अँडी वॉरहॉलनं न्यूयॉर्कच्याच एका गॅलरीत हीलियम भरलेल्या चंदेरी उशा सोडल्या होत्या, त्यांचेच हे नातेवाईक. त्याच वर्षी कुसामा व्हेनिसच्या प्रदर्शनात १,५०० आरसेगोळे गवतावर मांडून ते विकायला बसल्या होत्या. हे मी पाहुण्यांना सांगते तेव्हा ते "हो का" म्हणतात आणि फुगा मारतात. बरोबरच आहे. फक्त इथे काचेवर धडक बसू शकते, कारण फुग्यामागे धावताना खांब दिसत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात एका मोठ्यानं धरूनच ठेवायचा.

मग लेव्हिटेशन: मॅडिसन अव्हेन्यूवर बाहेर काढलेल्या काचेच्या दोन पेट्या. पायाखाली काच आणि तिच्याखाली १,०६३ फुटांवर पिवळ्या टॅक्सी. फोटोसाठी रांग लागते आणि प्रत्येकाला थोडाच वेळ मिळतो, म्हणून कोण उभं राहणार, कोण काढणार, हे रांगेतच ठरवा. "आई तुम्ही या, नको मी नाही, अगं ये ना" हे पेटीत करायला वेळ नसतो. ज्यांना भीती वाटते त्यांनी पेटीच्या कडेला उभं राहून समोर बघावं. खालीच बघितलं पाहिजे असा कुठेही नियम नाही.

असेंट ही बाहेरच्या अंगानं वर जाणारी काचेची लिफ्ट. १,२१० फुटांपर्यंत नेते आणि तिचं तिकीट वेगळं. माझं स्पष्ट मत: घेऊ नका. त्या पैशात सूर्यास्ताची वेळ घ्या. लिफ्टचं वेड असलेला भाचा बरोबर असेल तर गोष्ट वेगळी, त्याला एकट्याला पाठवा.

९३व्या मजल्यावर कॅफे आणि उघडी गच्ची आहे. कॅफे महाग आहे, पण बसायला खुर्ची मिळते आणि थोरांना तेवढीच हवी असते. गच्चीवर वारा खालपेक्षा खूप जास्त असतो, मे महिन्यातही शाल लागते. गच्चीवर आणि खिडक्यांपाशी काय शोधायचं तेही सांगते. पूर्वेला, हात लांब केला तर लागेल असं वाटणारं पोलादी टोक म्हणजे १९३० सालची क्रायस्लर इमारत. तिची उंची १,०४६ फूट, म्हणजे तिचा मुकुट तुमच्या समोरासमोर येतो. रस्त्यावरून आयुष्यभर बघितला तरी तो असा दिसत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या जागेतलं सर्वांत मोलाचं दृश्य हेच. सकाळचं तिकीट असेल तर ऊन त्याच्या पलीकडून येतं आणि मुकुट काळा दिसतो. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट त्याच्यावर पडतं आणि तो उजळतो. दक्षिणेला एम्पायर स्टेट आणि खूप लांब वन वर्ल्ड ट्रेड. उत्तरेला सेंट्रल पार्क, पण मधे उंच इमारतींची दाटी आहे, त्यामुळे पार्क तुकड्यांत दिसतं. पार्कच हवं असेल त्यांनी टॉप ऑफ द रॉकला जावं.

गरगरणाऱ्यांसाठी आणि फोटोवाल्यांसाठी

मोठ्या माणसांना चालवायची पद्धत अशी: हात धरून पुढून ओढू नका, शेजारी चाला आणि त्यांना कोपर धरू द्या. पायाकडे बघू नका, समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघा, असं सांगा. पावलं छोटी आणि सपाट. आरशाच्या जमिनीवर पायरी आहे की नाही ते कळत नाही, म्हणून पायरी आली की तुम्ही मोठ्यानं म्हणा. ज्यांना व्हर्टिगोचा खरा त्रास आहे किंवा लखलखाटानं फिट येते, त्यांना नेऊ नका. त्यांना ग्रँड सेंट्रलमध्ये कॉफी घेऊन बसवा, तिथेही बघायला कमी नाही. व्हीलचेअर नेता येते आणि मजल्यांमध्ये लिफ्ट आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाला उलट गरगरतं कमी, कारण त्याला पाय कुठे टाकायचा ही काळजीच नसते.

फोटोचं थोडक्यात. फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर आणा, भिंग खालच्या बाजूला येईल असा उलटा धरा. माणूस आणि प्रतिबिंब यांच्यातली फट नाहीशी होते. पडद्यावर बाहेरच्या आभाळावर बोट टेकवा आणि उजेड कमी करा, नाहीतर खिडक्या कागदासारख्या कोऱ्या येतात. चेहरे काळे येतील, येऊ द्यात. चेहरा हवा असेल तर माणसाला खिडकीकडे तोंड करून उभं करा आणि तुम्ही खिडकीशी उभे राहा. शहराचा फोटो हवा असेल तर फोनचं भिंग काचेला टेकवा, म्हणजे आतलं प्रतिबिंब येत नाही. रात्री तर हे केल्याशिवाय बाहेरचं काही मिळतच नाही, कारण अंधार पडला की आत रंगीत दिवे लागतात आणि काचांचेही आरसे होतात. लोक रात्रीचं तिकीट शहराचे दिवे बघायला काढतात, पण रात्री इथे आतलाच खेळ जास्त. दिव्यांसाठी एम्पायर स्टेटची उघडी गच्ची बरी. आणि प्रवेशाजवळ ते जे तुमचे फोटो काढतात ते विकत घेण्याची सक्ती नसते, हे बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते संकोचानं घेतात.

बाहेर पडताना भूक लागलेली असते आणि सगळ्यांना आता आपलं काहीतरी हवं असतं. ग्रँड सेंट्रलहून सहा नंबरची गाडी खालच्या दिशेनं पकडा, २८व्या रस्त्याचं स्टेशन दुसरंच. लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या त्या पट्ट्याला करी हिल म्हणतात, दोसा, चाट, थाळी सगळं मिळतं. तिथून पेन स्टेशन फार लांब नाही, पण पोट भरल्यावर आणि इतकं उभं राहिल्यावर कोणाला चालायला लावू नका, टॅक्सी करा. आणि रात्री आठनंतर एडिसनच्या गाड्या विरळ होतात, तेव्हा दोसा मागवायच्या आधी फोनवर वेळापत्रक बघून घ्या.